एकाच दुखण्याचीं दोन नांवें

आमच्या आष्ट्याहून सांगलीकडे जाणारा रस्ता उसाच्या हंगामांत रात्रींही जागाच असतो. त्याच रस्त्यावर दोन वर्षांपूर्वीं आमची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली आणि आम्ही नऊ दिवस बेशुद्ध होतों. सांगलीच्या इस्पितळांत शेजारच्या खाटेवर बीड जिल्ह्यांतील तांड्यावरचा एक बंजारा ऊसतोड्या होता. मोळ्या रचतां रचतां ट्रकवरून डोक्यावर पडलेला. डोक्याची जखम भरून येते, हातपाय शाबूत राहतात. पण माणूस हातांतलें काम अर्ध्यावर विसरतो, लवकर थकतो, कारण नसतां चिडतो, आणि पाहणाऱ्यास त्यांतलें कांहींच दिसत नाहीं.

पांच महिन्यांनीं आम्ही कचेरींत परतलों. सन २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या विसाव्या कलमानें सरकारी नोकरींत असतां अपंगत्व आलेल्यास काढतां येत नाहीं; जुनें काम न झेपल्यास त्याच वेतनावर दुसरें द्यावें लागतें. एकदां आम्हीं एकच पत्र तीनदां रवाना केलें, तेव्हां साहेब हंसून म्हणाले, "असूं द्या, डोक्याला मार लागलाय तुमच्या."

पुढल्या हंगामांत आमच्याच फडांत टोळी आली, तींत तो होता. त्यांच्याकडे नवराबायको मिळून एक कोयता, आणि उचल हंगामापूर्वींच घेतलेली. ती फिटेपर्यंत आजारी पडण्याचीही सोय नाहीं. मोळी बांधतां बांधतां तो मध्येंच थांबून उभा राही, आणि त्याच्या वांट्याचा ऊसही बायको तोडी. मुकादम ओरडला, "ही जातच कामचुकार!"

अमेरिकेंतील पाहण्यांत असें आढळलें आहे कीं, मेंदूच्या दुखापतीनंतर कृष्णवर्णीय रुग्ण गोऱ्यांच्या मानानें कामावर कमी परततात. तें वाचून आम्ही घरांत मोठ्यानें हळहळलों होतों. फडांत मात्र गप्प राहिलों. ऊस वाळत होता, रान लवकर मोकळें व्हायचें होतें, आणि मुकादमास दुखावून चालणार नव्हतें. कारणें इतकींच.

त्या बाईनें आम्हांस ओळखलें. घाम पुसून म्हणाली, "बरं हाय का साहेब आता?"

"बरं आहे. थकवा फार येतो. विसरायला होतं."

"यांचंबी तसंच," ती म्हणाली, आणि पुन्हां उसाच्या बुडख्याशीं वांकली.