सेम टेबल, प्लीज!

सुट्टी मंजूर झाली की तुम्ही आधी काय करता? मी एक्सेल उघडते! पेनांगच्या पाच दिवसांसाठी माझ्या शीटमध्ये ३७ नोंदी होत्या. खायच्या जागा पिवळ्या, बघायच्या निळ्या, फोटो काढायच्या गुलाबी. प्रत्येकीसमोर वेळ, अंतर आणि ‘मस्ट’ की ‘जमलं तर’ असा शेरा. ऑफिसात प्रोजेक्ट प्लॅन करून करून सवयच लागते हो, सुट्टीलाही डेडलाइन येते.

या शीटमध्ये एकच गोष्ट धरायची राहिली होती. आई!

आईचा हा पहिलाच परदेश प्रवास. माहेर वेंगुर्ल्याचं, संसार ठाण्यात, आणि फिरणं म्हणजे मे महिन्यात गाव. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तिने मासे खाणं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं, आमच्या घरात तसलं काही नाहीच. दर बुधवारी बाबा बाजारातून बांगडे आणायचे, ते बंद झालं. आता आई माझ्यासाठी आणि भावासाठी रांधते आणि स्वतः ताकभात घेऊन बसते. ‘इच्छाच होत नाही गं,’ एवढंच म्हणते. म्हटलं, चला, जागा बदलली तर बरं वाटेल.

पहिला दिवस पार फसला. क्वालालंपूरला विमान बदलून जॉर्ज टाउनला पोचलो, बॅगा टाकल्या आणि मी तिला थेट ‘मस्ट’ नंबर एककडे घेऊन गेले. चार क्वे टिआव या फेमस डिशचा एक भलताच गाजलेला ठेला. तांदळाच्या चपट्या नूडल्स, शिंपल्या, मोड आलेले मूग, अंडं... सगळं धगधगत्या कढईत, एकेक प्लेट वेगळी परतायची. त्यामुळे रांग ही अशी! पन्नास मिनिटं उन्हात उभ्या राहिलो आणि आमच्या पुढे चार माणसं असताना त्याचा माल संपला. आई फुटपाथवर टेकली, पर्समधली लाडवांची पुडी काढली आणि म्हणाली, ‘खा. तुझ्या यादीत लाडू नसेल, पण खा.’

रात्री एक्सेल उघडायची हिंमत झाली नाही.

आमचा मुक्काम मात्र झकास होता. जॉर्ज टाउनमधली जुनी घरं खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी बांधलेली. रस्त्यावरून दर्शनी बाजू अरुंद, आत मात्र घर लांबच लांब. मध्ये उघडा चौक, त्यातून उजेड, वारा आणि पाऊस तिन्ही घरात येतात. घरांसमोरून छप्पर असलेली ओसरी सलग जाते, तिला मलय भाषेत ‘काकी लिमा’ म्हणजे पाच फूट म्हणतात. २००८ साली मलाक्का आणि जॉर्ज टाउन या दोन्ही शहरांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यानंतर अशी कितीतरी घरं दुरुस्त होऊन गेस्टहाउस झाली. आमच्या खोलीला खिडकी चौकात होती आणि जिना एकदम खडा. आई गुडघे सांभाळत चढली, चौकाकडे बघत म्हणाली, ‘आजोळचा वाडा असाच होता. फक्त तुळस नाही.’

सकाळी मालकीणबाईंनी कोपऱ्यावरच्या कोपिटिआमकडे बोट दाखवलं. कोपिटिआम म्हणजे चिनी वळणाचं कॉफीचं दुकान. त्याचा फंडा एकदम सोपा. मालक फक्त चहा-कॉफी विकतो, आत कडेने लावलेले ठेले वेगवेगळ्यांचे. कुणाकडे नूडल्स, कुणाकडे भात, कुणाकडे लाक्सा. तुम्ही टेबल पकडायचं, ठेल्यावर जाऊन ऑर्डर द्यायची, टेबल दाखवायचं आणि प्लेट आली की पैसे मोजायचे. बसलात तर काहीतरी प्यायला घ्यायचं, हा अलिखित नियम. कॉफी कापडी गाळणीतून ओतलेली, कंडेन्स्ड मिल्क घातलेली, जाम कडक आणि जाम गोड. साखर-दुधाविना हवी असेल तर म्हणायचं, ‘कोपी ओ कोसोंग.’

मी आसाम लाक्सा मागवला. (आपल्या आसामचा काही संबंध नाही, मलयमध्ये ‘आसाम’ म्हणजे आंबट.) आईने टोस्ट घेतला, नारळाचं दूध, अंडी आणि साखर आटवून केलेला ‘काया’ नावाचा जॅम लावलेला. माझा वाडगा आला. जाड पांढऱ्या तांदळाच्या नूडल्स, आंबट-तिखट मासळीचं सार, वरून काकडी, अननस, कांदा, पुदिना, आल्याच्या जातीतल्या एका फुलाची गुलाबी कळी बारीक चिरून, आणि चमच्यात कोळंबीची काळी गोडसर चटणी. पहिला घोट घेतला आणि मी गप्प झाले. आईने वाडग्यावर वाकून वास घेतला. ‘बांगडा आहे,’ ती म्हणाली आणि परत टोस्ट खायला लागली.

खरंच होता! लाक्सात घालतात तो ‘इकान केंबोंग’ म्हणजे आपल्या बांगड्याच्याच जातीचा मासा.

दुसऱ्या सकाळी आमचं वाजलं. माझ्या शीटमध्ये दुसऱ्या टोकाची बेकरी होती. आई म्हणे, ‘कालच्याच ठिकाणी जाऊ. ती बाई ओळखीची झालीय.’ मी म्हटलं, ‘अगं, एवढे पैसे घालून आलोय, तेच तेच काय?’ ती म्हणाली, ‘तुझे बाबा २६ वर्षं एकाच कोळणीकडून मासे घ्यायचे. कधी वाईट मासा आला नाही घरात.’ यावर काय बोलणार?

गेलो. तेच टेबल. लाक्सावाल्या आंटीने (तिथे वयस्कर ठेलेवाल्यांना आंटी-अंकलच म्हणतात) हात हलवला. आई तिच्या ठेल्यापाशी जाऊन उभी राहिली. ही मराठीत, ती चिनीत, मध्ये हातवारे. आंटीने बरणीतून वाळलेल्या फळाची एक पातळ काप काढून दिली. आईने हुंगली, जिभेला लावली आणि तिथूनच मला हाक मारली, ‘अगं, हे आपल्या आमसुलाचं भावंड!’ मी गुगल केलं. आसाम गेलुगोर, गार्सिनिया जातीतलं झाड. आपलं कोकमसुद्धा त्याच जातीतलं. आईचं नाक गुगलच्या दोन मिनिटं पुढे होतं!

मग मी शीट बंद केली. दुपारी पाय नेतील तिकडे फिरलो. आर्मेनियन स्ट्रीटवर सायकलवरच्या दोन मुलांचं २०१२ सालचं भित्तिचित्र बघितलं. त्यात खरीखुरी सायकल भिंतीला टेकवलीय. च्यू जेट्टीवर गेलो, तिथे एकाच आडनावाच्या चिनी कुटुंबांची घरं समुद्रात खांबांवर उभी आहेत. एकाच रस्त्याने चालताना चर्च, चिनी देऊळ, तामिळ देऊळ आणि कपितान केलिंग मशीद लागते. जेवायला नासी कांदार. पूर्वी तामिळ मुस्लिम विक्रेते खांद्यावरच्या दांडीला एकीकडे भात, दुसरीकडे कालवण लटकवून फिरत, म्हणून हे नाव. आई म्हणाली, ‘म्हणजे कावड!’ भातावर सगळे रस्से एकत्र हवे असतील तर ‘बंजिर’ म्हणायचं, म्हणजे पूर!

चौथी सकाळ. आंटीने न विचारता लाक्साचा वाडगा आणला आणि दोन चमचे ठेवले. चुकून की मुद्दाम, कोण जाणे. मी काही बोलले नाही. आईने चमचा उचलला, थोडं सार घेतलं. मग बांगड्याचा एक तुकडा. सावकाश चावला. बराच वेळ रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, ‘तिरफळं हवी होती.’

आणि वाडगा स्वतःकडे ओढला.

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस जोरदार असतो. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत २०२६ अखेरपर्यंत जाहीर झाली आहे, तरी तिकिटाआधी खात्री करा आणि डिजिटल अरायव्हल कार्ड भरा. डुकराची चरबी चालत नसेल तर चार क्वे टिआव मागवण्याआधी विचारा. शाकाहारींनी लिटिल इंडिया गाठावं. आणि माझा एक आगाऊ सल्ला. यादी करा, खुशाल करा, पण एक जागा अशी ठेवा की जिथे तीनदा जाल. पहिल्यांदा तुम्ही फक्त गिऱ्हाईक असता. तिसऱ्यांदा तुमच्यासमोर बरणी उघडते.

३७ पैकी आमच्या ११ जागा झाल्या. बेकरी राहिलीच.

परत आल्यावरच्या बुधवारी मीटिंगमध्ये असताना आईचा फोन. मी दबक्या आवाजात म्हटलं, ‘अर्जंट आहे का?’

‘येताना बांगडे आण,’ ती म्हणाली. ‘तिघांना पुरतील एवढे.’