पडद्यावरचे दिवाळे

कर्जाची गोष्ट चारचौघांत बोलू नये, असा आम्हां मध्यमवर्गीयांचा जुना दंडक आहे. घरातील आजार, मुलीचे अडलेले लग्न, भावाभावांतील वाटणीचा तंटा यांविषयी आपण निदान आप्तांजवळ मन मोकळे करतो. परंतु डोक्यावरील कर्जाचा आकडा पुष्कळदा घरच्या गृहिणीलाही ठाऊक नसतो. जी गोष्ट आपण कोणाला सांगत नाही आणि कोणाला विचारीतही नाही, तिचे चित्र आपल्या मनात तयार होते तरी कशावरून? आमच्या मते ते आजकाल दूरचित्रवाणीवरून तयार होते.

पूर्वी पेढी बुडाली म्हणजे व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे आणि त्यावरून 'दिवाळे' हा शब्द आला, असे सांगतात. ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तिच्यामागील कल्पना मोठी अर्थपूर्ण आहे. जिची लाज वाटावी ती गोष्ट माणसाने आपल्या हातांनी उजेडात मांडायची, आणि पाहणाऱ्यांनी ती पाहून घ्यायची! दूरचित्रवाणी हाही घरोघर लावलेला एक दिवाच आहे. त्याच्या उजेडात कर्जबाजारी कुटुंब कसे दिसते, हे पाहण्याचा नाद आम्हांला काही वर्षांपासून लागला आहे.

आमच्यासारख्या मुलुखाबाहेर नोकरी करणाऱ्यांना हा नाद अधिकच बाधतो. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती; आज त्यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. गावाकडे वर्षाकाठी आठ-दहा दिवसांची फेरी होते. उरलेले वर्षभर मराठी स्वयंपाकघर, मराठी ओटा आणि मराठी भांडण आम्हांला भेटते ते रात्री जेवताना मालिकांतून. साहजिकच 'आपल्याकडे हल्ली असेच असते' अशी आमची समजूत होऊन बसते.

आरंभी असे नव्हते. 'हम लोग' ही मालिका ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि १५६ भागांनी १९८५ च्या डिसेंबरात संपली. त्या कुटुंबाची ओढाताण अगदी आपल्या घरातल्यासारखी होती. बापाचे व्यसन, मुलाची न लागणारी नोकरी, मुलींची लग्ने, ही तिची कारणे कोणाही शेजाऱ्याला समजण्याजोगी होती. १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील 'वागळे की दुनिया' आली. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांनी उभे केलेले ते मराठी जोडपे हिंदी पडद्यावर आले तेव्हा, आमच्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे, परप्रांतातील कारकून मंडळींना आपलाच फोटो छापून आल्यासारखे वाटले. मराठीत २००१ साली सुरू झालेले 'श्रीयुत गंगाधर टिपरे' त्याच जातीचे. या घरांत पैसा मोजून येई आणि मोजून जाई. मोठे दिवाळे निघण्याइतकी त्यांची ऐपतच नव्हती.

पुढे पडद्यावरची घरे वाढली. जिना आला, झुंबर आले, कंपनी आली, आणि कंपनीबरोबर दिवाळेही आले. या दिवाळ्याचा विधी आता इतका ठरून गेला आहे की कोणतीही मालिका मधूनच लावली तरी तो ओळखता येतो. सज्जन कुटुंबप्रमुख न वाचता कागदावर सही करतो. भागीदार किंवा धाकटी सून ती सही पळविते. बरोबर सणाच्या दिवशी, पूजेची तयारी झालेली असताना, दारात बँकेचा अधिकारी उभा राहतो आणि गर्जतो, "उद्या सकाळपर्यंत घर खाली करा!" मग भांडी अंगणात येतात, देव टोपलीत जातात, शेजारी गॅलरीत जमतात आणि थोरली सून गळ्यातील मंगळसूत्र काढून अधिकाऱ्याच्या पुढे ठेवते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत तीच सून लाडू विकून किंवा एखादी स्पर्धा जिंकून घर सोडवून आणते.

आम्ही सरकारी दप्तरात वाढलेले. असा प्रसंग पाहिला की आमचा हात आपोआप नियमांच्या पुस्तकाकडे जातो. २००२ च्या ज्या कायद्याने बँका तारण घर ताब्यात घेतात, त्याप्रमाणे प्रथम ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कर्जदाराने हरकत कळविली तर बँकेने १५ दिवसांत सकारण उत्तर द्यायचे असते. ताबा घेतल्यावरही विक्रीपूर्वी ३० दिवसांची वेगळी सूचना लागते. शेतजमिनीला तो कायदा लागूच नाही. कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून जप्ती आली, तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० आडवे येते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळा करू नये असा दागिना जप्त करता येत नाही. म्हणजे मालिकेत जी भांडी अंगणात फेकली जातात आणि जे मंगळसूत्र टेबलावर ठेवले जाते, नेमके त्यांनाच कायद्याने शंभरांहून अधिक वर्षे अभय दिलेले आहे! आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक असेलच की सरकारी निवृत्तिवेतन आणि भविष्यनिर्वाह निधी यांनाही तेच संरक्षण आहे. वसुलीच्या माणसांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर कर्जदाराला फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या ऑगस्टात बजाविले.

कोणी म्हणेल, नाटकात एवढा काथ्याकूट कशाला? प्रेक्षक काय खुळे असतात? आम्हीही असेच म्हटले असते. पण आमच्या शेजारी एक वृद्ध मराठी दांपत्य राहते. गृहस्थ येथील एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलाच्या दुकानासाठी त्यांनी घर तारण ठेवले होते, आणि २०२० च्या टाळेबंदीनंतर ते दुकान पुन्हा उभे राहिले नाही. हप्ते थकले आणि एके दिवशी नोटीस आली. गृहस्थांनी ती कोणाला दाखविली नाही. तिसऱ्या दिवशी रात्री बाई आमच्याकडे आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, माणसं उद्या येतील का हो? मी भांडी बांधून ठेवली आहेत. निदान दिवाणखान्यातून सामान निघताना लोकांनी पाहायला नको." आम्ही नोटीस मागवून वाचली. तिच्यात ६० दिवसांची मुदत स्वच्छ लिहिली होती. परंतु इंग्रजीतील ती चार पाने वाचण्याचा धीरच त्या घरात कोणाला झाला नव्हता. त्याहून भयंकर गोष्ट पुढेच होती. दारावर कागद चिकटण्यापूर्वी घर विकून मोकळे व्हावे, म्हणून गृहस्थांनी एका दलालाला जवळजवळ अर्ध्या किमतीत होकार दिला होता. सहीच काय ती राहिली होती. आयुष्यभर कारखान्यात एकेक खिळा मोजून घेतलेला हा माणूस! अब्रूच्या भीतीने तो अर्धे घर फेकून द्यायला निघाला होता. त्या भीतीचे चित्र, त्यातील अंगण, टोपलीतले देव आणि गॅलरीतील शेजारी, हे सारे त्याने कोठे पाहिले होते, हे आम्ही विचारले नाही. विचारण्याची गरज नव्हती.

पुढे नोटिशीला उत्तर गेले, मुलीने काही रक्कम दिली, एक मुदतठेव मोडली आणि थकबाकी दोन टप्प्यांत भरून खाते नियमित झाले. यात नाट्य काहीच नाही. दोन अर्ज, चार फेऱ्या आणि खिडकीपुढील रांग. मालिकेचा अर्धा भागही यात भरणार नाही.

पडद्यावर खरे कर्ज कधी दिसतच नाही, असे मात्र नव्हे. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले, तेव्हा प्रश्न विचारणारे अमिताभ बच्चन स्वतःच कर्जात बुडालेले होते. त्यांच्या ज्या कंपनीने १९९६ मध्ये बंगलोरला विश्वसुंदरी स्पर्धा भरविली, तीच पुढे डबघाईला आली. धनको दाराशी येत, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. ते देणे त्यांनी काम करून फेडले. त्यांच्या समोर बसणारा स्पर्धक, जिंकलेल्या पैशाचे काय करणार असे विचारले म्हणजे, वारंवार एकच उत्तर देतो: आधी कर्ज फेडीन. बहिणीच्या लग्नाचे, आईच्या शस्त्रक्रियेचे, घराच्या छपराचे. मालिकांत कपटाने येणारे कर्ज येथे आजारातून, लग्नातून आणि शिक्षणातून येते, आणि तेच खरे. फक्त त्यातून सुटण्याची वाट तेवढी खोटी. कारण ती लाखांतून एकाला सापडते.

बातम्यांच्या वाहिन्यांचे चित्र आणखी निराळे. २०१० च्या 'पीपली लाइव्ह' या अनुषा रिझवी यांच्या चित्रपटात कर्जापायी जमीन गमावू पाहणाऱ्या नत्थाच्या दारात कॅमेऱ्यांची जत्रा भरते. तो चित्रित झाला आमच्याच मध्य प्रदेशात, रायसेन जिल्ह्यात. जत्रा उठते आणि नत्था शहरातल्या बांधकामावर माती वाहताना दिसतो. बाबूराव पेंटरांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश'मधील शेतकरीही जमीन गेल्यावर शहरात मजूर होतो. मधल्या ८५ वर्षांत सावकाराच्या जागी बँक आली आणि मूकपटाच्या जागी चोवीस तास बोलणारा पडदा आला. शेतकऱ्याची वाट बदलली नाही.

या साऱ्याहून सखोल दिवाळे आपल्या घरातच आहे. तुकोबा हे दुकानदारी आणि सावकारी करणाऱ्या घरातले. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, आणि या दुःखाची आपल्याला लाज वाटली, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. पुढे इतरांकडून येणे असलेली खते त्यांनी इंद्रायणीत सोडली, अशी परंपरा सांगते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'तू माझा सांगाती' या मालिकेमुळे तुकोबा नव्या पिढीच्या घरांत पोहोचले. आम्हांला मोलाचे वाटते ते त्यांचे ते एकच वाक्य, लाजेची कबुली देणारे. लाज दाबून ठेवली तर माणूस दलालाच्या हवाली होतो. बोलून दाखविली तर निदान शेजारी नोटीस वाचायला येतो.

मालिकावाल्यांची अडचण आम्हांला कळते. कर्ज ही फार संथ गोष्ट आहे. ते महिन्याच्या १ तारखेला थोडेसे दुखते, ५ तारखेला थोडे अधिक, आणि असे वीस वर्षे चालते. त्यात वीज कडाडत नाही. शिवाय मंगळसूत्राच्या त्या प्रसंगानंतर लगेच सोने गहाण ठेवून मिनिटांत कर्ज देणाऱ्यांची जाहिरात लागायची असते. तेव्हा कर्जाची खरी रीत समजावून सांगणे कोणाच्या सोयीचे?

केंद्रीय सेवेच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील १७ वा नियम सांगतो की सरकारी नोकराने आपला खासगी व्यवहार असा ठेवावा की नित्याचे कर्ज आणि दिवाळखोरी टळावी; आणि देण्यापायी कोर्टात कारवाई झालीच, तर ती सरकारला ताबडतोब कळवावी. पहिल्या अर्ध्याचे आम्ही सारेच यथाशक्ती पालन करतो. पण शहाणपण आम्हांला दुसऱ्या अर्ध्यात अधिक दिसते. कळवावे. सरकारला नव्हे, तर आधी घरच्या माणसांना, मग एखाद्या वाचत्या शेजाऱ्याला. पडद्यावर कधी असा एखादा भाग आला, ज्यात नवरा जेवण झाल्यावर पाकिटातून बँकेचा कागद काढतो, बायको चष्मा लावते, आणि दोघे मिळून तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, तर तो आम्ही न चुकता पाहू.