पंधरा वर्षांनंतरची गाडी

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, असं मला गेल्या वर्षी निम्म्या साताऱ्याने सांगितलं असेल. दिरांनी सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं, पेट्रोलपंपावरच्या मुलानेही टाकीचं झाकण लावता लावता सांगून टाकलं. माझी गाडी २०१०ची. हजार सीसीचं पेट्रोल इंजिन, तीन सिलिंडर, एमएच-११. नोंदणी माझ्या नावावर, कारण घरात गाडी चालवते मीच. ह्यांना स्टिअरिंगचा तिटकारा आहे. तरीही गॅरेजमध्ये सुरुवातीची कित्येक वर्षं "साहेब आले नाहीत का?" असं विचारलं जायचं आणि बिल मात्र माझ्या हातात यायचं.

तर तसा नियम आपल्याकडे नाही. दिल्लीत आहे, किंवा होता म्हणा, कारण त्यावर कोर्टात अजून ओढाताण चालते. राष्ट्रीय हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या तिथे रस्त्यावर नकोत म्हटलं आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. बातम्या दिल्लीच्या, घाबरायचं आम्ही. त्यातच केंद्राने १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर रद्द करायला सुरुवात केली, म्हणजे गोंधळाला आणखी खतपाणी. खासगी गाडीची पंधरा वर्षांनी संपते ती नोंदणीची मुदत. गाडी तपासून घेतली, पैसे भरले, की पुढची पाच वर्षं मिळतात.

अर्ज फॉर्म २५चा. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत करता येतो, त्याआधी नाही. कारची फी पूर्वी सहाशे रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली. पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर कारसाठी दर महिन्याला पाचशे रुपये दंड. हे सगळं कळलं तेव्हा मी मिस्त्रींकडे गेले. पाच हजार भरायचे, पण ते या गाडीवर भरण्यात अर्थ आहे का, हे आरटीओ सांगणार नव्हतं.

आमचे मिस्त्री बोलायला कंजूष. त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली, खाली गेले आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत सुटले. मी वरून विचारलं, "इंजिन बघणार नाही का?"

"इंजिनाचं काय काकू, इंजिन पुन्हा बांधता येतं. तळ गेला की गाडी गेली."

जुन्या गाडीबद्दल इतकं नेमकं मला कोणीच सांगितलं नव्हतं. लोक किलोमीटर विचारतात, मायलेज विचारतात. खालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, सस्पेन्शन जिथे बॉडीला धरलेलं असतं त्या जागा, या कोणी वाकून बघत नाही. आमचा पत्रा धरून होता. "रत्नागिरीची गाडी असती तर हात जोडले असते," मिस्त्री म्हणाले. खाऱ्या हवेत पत्रा आतून पोखरतो आणि वरून रंग चकचकीत दिसत राहतो.

बाकी यादी निघालीच. लोअर आर्मचे बुश गेलेले, सायलेन्सरला भोक, हँडब्रेकची केबल ढिली, इंजिनचं एक माउंटिंग बसलेलं. ते बसलं की तीन सिलिंडरचं इंजिन सिग्नलला उभं असताना सगळी गाडी थरथरवतं आणि आपल्याला वाटतं, इंजिनच गेलं. पेट्रोलच्या रबरी नळ्याही त्यांनी बदलायला लावल्या. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग ते सोसतील असेच बनवलेले आहेत. माझ्या गाडीच्या वेळी असं पेट्रोल कोणाच्या डोक्यातही नव्हतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. "पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर गाडी महिना महिना उभी ठेवू नका," एवढीच ताकीद मिळाली. मायलेज थोडं उतरलंय हे मला जाणवतं. सरकारनेही जुन्या गाड्यांत तीन ते सहा टक्के घट मान्य केली आहे, तेव्हा मनाचे खेळ नसावेत.

टायर मात्र मी स्वतः वाचते. बाजूच्या रबरावर चार आकडे एका लांबट चौकटीत असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१८ म्हणजे २०१८चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत होती, पण खाचांमध्ये बारीक भेगा पडलेल्या. दुकानदार म्हणाला, अजून दोन वर्षं सहज जातील. मी चारही बदलले. रबर वापरावाचूनही म्हातारं होतं, आणि माझ्यासारखीच्या हातात, जिथे गाडी चालण्यापेक्षा उभीच जास्त असते, ते आधी वयाने जातं, झिजेने नंतर.

उभ्या गाडीचे दोन शत्रू, बॅटरी आणि उंदीर. मुलीकडे पुण्याला जाऊन आले की किल्ली फिरवल्यावर फक्त टक-टक. पूर्वी वॉचमन आणि दोन पोरं धक्का द्यायची. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीने जरा वेग घेतला की सोडायचा. खालच्या काकांची नवी कोरी ऑटोमॅटिक तशीच बंद पडली तेव्हा पोरं उत्साहाने मागे जाऊन उभी राहिली होती. तिला धक्क्याने चालू करता येत नाही हे त्यांना पटेना. आता मी जाण्याआधी बॅटरीची काळी वायर काढून ठेवते. घड्याळ पुन्हा लावावं लागतं, तेवढंच. उंदरांवर सोसायटीत प्रत्येकाचा वेगळा उपाय आहे. डांबरगोळ्या टाकल्या तर एसी लावल्यावर सगळी गाडी जुन्या ट्रंकेसारखी वास मारते. तंबाखूची पानं बांधली तर काही दिवस शांतता. माझ्या अनुभवात बॉनेट उघडं ठेवणं सगळ्यांत बरं, उजेडात त्यांना घर करता येत नाही. गाडी बंद पार्किंगमध्ये असेल तरच अर्थात.

आरटीओत तपासणीला जाण्याआधी नवी नंबरप्लेट लावायची होती. एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना आता उच्च सुरक्षा पाटी लागते, कारसाठी ७४५ रुपये आणि वर जीएसटी. तिच्यावर क्रोमियमचं अशोकचक्र, लेझरने कोरलेला क्रमांक, आणि एकदा ठोकली की न निघणारं कुलूप. आमच्याकडे ४१४१ला "दादा" आणि २१४ला "राम" करून लिहिणारे पेंटर होते, त्यांचा धंदा बसला. कायद्याला ते कधीच मान्य नव्हतं, पण रंगवायचे सुरेख.

तपासणी म्हणाल तर तासाभराची. निरीक्षकांनी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, सीटबेल्ट बघितले. विमा आणि पीयूसी बघितलं. चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घेतलेला कागद अर्जाला लागतो, तो ताडून पाहिला. माझ्यापुढे रांगेत एक गृहस्थ होते, गाडी जावयाच्या नावावर करायला आलेले. कर्ज कधीच फिटलेलं, पण आरसीवरचा बँकेचा शिक्का तसाच, सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळचा बोजा राहावा तसा. बँकेचं ना-हरकत पत्र त्यांनी वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवलं होतं. त्या पत्राला मुदत असते, साधारण तीन महिने. आता नवं पत्र आणि फॉर्म ३५वर सही हवी, आणि मधल्या काळात ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. शेवटचा हप्ता भरल्यावर आठवडाभरात हे काम उरकावं, असं ते रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होते.

विम्याचं मला दरवर्षी कोडं पडायचं. नुसता थर्ड पार्टी घ्यायचा की पूर्ण? हजार सीसीपर्यंतच्या कारचा थर्ड पार्टी हप्ता ठरलेला आहे, २,०९४ रुपये आणि कर. तो कायद्याने हवाच. माझ्या गाडीची विम्यातली किंमत आता लाखाच्या आत. समजा बंपर फुटला आणि नव्याचे सहा हजार झाले. प्लॅस्टिकच्या भागावर निम्मी घसारा-कपात, म्हणजे तीन हजार. त्यातून सक्तीचे एक हजार आपले. हातात दोन हजार, आणि दावा केला म्हणून साचलेला पन्नास टक्के नो-क्लेम बोनस शून्यावर, तो पुन्हा वीस टक्क्यांपासून चढायचा. गेली दोन वर्षं मी थर्ड पार्टी आणि मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा, एवढंच घेते. गाडी रात्री रस्त्यावर लावावी लागली असती, तर हा हिशेब वेगळा झाला असता.

एवढं सगळं करून वर्षाचा खर्च, पेट्रोल धरून, नव्या गाडीच्या तीन हप्त्यांपेक्षा कमीच भरतो. आठ लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला साडेसोळा हजार जातात. हे मी मुलीला कागदावर मांडून दाखवलं. तिने कागद वाचला आणि विचारलं, "आई, एअरबॅग किती आहेत?"

एकही नाही. एबीएसही नाही. २०१०ला ते स्वस्त गाड्यांत नसायचंच. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली २०१९मध्ये. आरटीओने पाच वर्षांचा शिक्का दिला तो कागद आणि दिवे बघून, मिस्त्रींनी दिला तो पत्रा बघून. तिने विचारलेलं दोघांच्याही यादीत नव्हतं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एका मे महिन्यात खंबाटकी चढताना तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला होता, तेव्हा मी एसी बंद करून भर उन्हात हीटर लावला, कडेला थांबले, आणि रेडिएटरचं झाकण उघडायला धावलेल्या सद्गृहस्थांना हात धरून मागे ओढलं. पंख्याची मोटर गेली होती. अशा प्रसंगाला मी पुरी पडते. मागून ऐंशीने येणाऱ्या ट्रकचं मी काय करणार?

मग तह झाला. हायवे बंद, रात्रीचं बंद. बाजार, बँक, दवाखाना, कोरेगाव, आतल्या रस्त्याने रहिमतपूर, एवढं माझं राज्य. पुण्याला एसटीने. तिला वाई हायवेमध्ये मोडते असं वाटतं, मला वाटत नाही. ते अजून ठरायचंय.

परवा मिस्त्रींनी एसीच्या कॉम्प्रेसरचे अठरा हजार सांगितले. मी नको म्हटलं. "काकू, एप्रिलमध्ये याल," ते म्हणाले. सध्या तरी काचा खाली करून सकाळी दहाच्या आत कामं उरकते.