हिवाळ्याची वही

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांना सर्दी आवडते?

हसू नका. गेल्या वर्षी मी आठवीच्या वर्गाला 'माझा आवडता ऋतू' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. एका मुलाने पहिलेच वाक्य लिहिले होते, "मला सर्दी फार आवडते. सर्दीत आमच्या घरी सगळे खूश असतात." वह्या तपासता तपासता मी एकटीच हसत बसले. मग वाटले, यात त्या मुलाची काय चूक? आपल्या घरच्या उर्दूत सर्दी म्हणजे हिवाळा. मराठीत मात्र सर्दी म्हणजे वाहणारे नाक! त्याच आठवड्यात मी फळ्यावर वर्तमानपत्रातला मथळा लिहिला, 'धुळ्याचा पारा खाली'. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, पारा सांडला का?" उर्दूत खाली म्हणजे रिकामा, हे तुम्हांला सांगायला नको. मराठीतला पारा मात्र रिकामा होत नाही, नुसता उतरतो.

अशा गोष्टी मी एका वहीत लिहून ठेवते. ती माझी हिवाळ्याची वही. दिवाळीची सुट्टी संपली की ती कपाटातून बाहेर निघते आणि संक्रांतीनंतर काही दिवसांनी परत आत जाते. तिच्यात फार मोठे काही नसते. खोबरेल तेल पहिल्यांदा कधी गोठले, बाजारात पेरू कधी आले, वर्गात पहिला स्वेटर कोणी घातला, शेवटचा स्वेटर कोणी काढला, अशा नोंदी असतात. मागच्या वर्षीच्या एका पानावर नुसते एवढेच लिहिलेले आहे : 'आज सातवीतल्या चौघांनी मिळून एकच मफलर वापरला.'

ही सवय मला अब्बांकडून लागली. माझे माहेर धुळ्याचे आणि सासर जळगावचे. अब्बा एस.टी.त ड्रायव्हर होते. आता निवृत्त झाले आहेत आणि धुळ्याला एकटेच राहतात. अम्मीला जाऊन चार वर्षे झाली. "जळगावला या," असे मी दर हिवाळ्यात म्हणते. त्यांचे उत्तर ठरलेले असते, "तुमच्या जळगावला थंडी कुठे असते? उन्हाळा सुटीवर जातो, एवढंच!"

हे थोडे खरेही आहे. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, ते तुम्ही दरवर्षी सोसता. पण डिसेंबरात वर्तमानपत्रात थंडीच्या बातमीत निफाडच्या बरोबरीने नाव येते ते धुळ्याचे. तिथल्या कृषी महाविद्यालयात रोजच्या तापमानाची नोंद होते. पारा पाच अंशांच्या खाली उतरला की अब्बांचा सकाळी सकाळी फोन येतो. आवाजात असा काही अभिमान असतो, जणू ती थंडी त्यांनीच रात्रभर जागून तयार केली आहे! "आज आमचा एवढा. तुमचा किती?" आमचा आकडा नेहमी मोठाच निघतो, म्हणजे आम्ही नेहमी हरतो.

अब्बांचे स्वतःचे तापमापक म्हणजे खिडकीतली खोबरेल तेलाची बाटली. खोबरेल तेल सुमारे चोवीस अंशांना गोठते. म्हणून ते थंडी आली एवढेच सांगते, किती पडली ते सांगू शकत नाही. मी हे शास्त्र अब्बांना समजावून सांगितले. ते म्हणाले, "पाहुणा दारात आला, एवढं कळलं की पुरे. त्याचं वजन कशाला करायचं?"

थंडी नेमकी कुठे जास्त असते, हे मात्र अब्बांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होते. जळगावहून धुळ्याला जाणारा रस्ता तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. पूर्वी तो सहा क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता त्याचा क्रमांक ५३ आहे. बांभोरीजवळ गिरणा ओलांडायची, मग पाळधी, एरंडोल, पारोळा आणि धुळे. अब्बा सांगत, "पहाटेची गाडी नदीच्या पुलावर आली की स्टिअरिंगवरची बोटं सांगतात, पूल आला." आम्हांला ती गंमत वाटे. पुढे बी.एड. करताना भूगोलाच्या पुस्तकात वाचले की रात्री जमीन निवते, तिच्या लगतची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी उताराकडे जाते. म्हणून नदीचा काठ आणि खोलगट जागा जास्त गार असतात. आकाश निरभ्र असले तर जमिनीची उष्णता आणखी लवकर निघून जाते. ढग म्हणजे गोधडी आणि आपल्या खानदेशात डिसेंबरात ही गोधडी बहुतेक वेळा नसतेच.

या थंडीचा सगळ्यांत जास्त धाक केळीला असतो. आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका केळीच्या बागेत कामाला जातात. त्यांना विचारा. पारा दहा अंशांच्या आसपास आला की केळीची वाढ थांबते, पाने पिवळी पडू लागतात, फळाच्या सालीवर काळपट तपकिरी रेषा उमटतात. मग शेतकरी रात्री बागेला पाणी देतात, कारण विहिरीचे पाणी रात्रीच्या हवेपेक्षा ऊबदार असते. कोणी पहाटे बागेच्या कडेला ओला-सुका पाला पेटवून धूर करतात. कोणी आधीपासूनच बागेभोवती शेवरी लावतात, म्हणजे गार वारा अडतो. आपण रजईत असतो त्या वेळी कोणीतरी केळीला पांघरूण घालत असते.

आणि वांगी! थंडीचे नाव निघाले आणि भरताचे निघाले नाही, तर तो माणूस खानदेशातला नव्हेच. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. केळीलाही त्याच वर्षी मिळाले. हे वांगे जांभळे नसते. ते फिकट हिरवे, मोठे आणि पातळ सालीचे असते. आसोद्याच्या आणि बामणोदच्या वांग्यांची तर ख्यातीच आहे. आसोदा म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरींचे माहेर, हेही लक्षात ठेवा. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजायची, साल काढून लाकडाच्या बडजीत ठेचायची, वर हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, कांद्याची पात घालायची आणि सोबत कळण्याची भाकरी. मला गॅसवर भाजलेल्या वांग्याचे भरीतही आवडते, पण हे मी अब्बांसमोर बोलत नाही.

तारखांच्या बाबतीत अब्बा असेच काटेकोर. ३१ डिसेंबरच्या रात्री लोक नव्या वर्षाची वाट पाहतात. अब्बा त्या दिवशी न चुकता आठवण करून देतात, की इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली याच तारखेला धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे सुरू झाले. ड्रायव्हरच्या डोक्यात इतकी माहिती कशी, असे एकाने त्यांना विचारले होते. अब्बा म्हणाले, "गाडीत चाळीस माणसं बोलत असतात. ड्रायव्हर फक्त ऐकत असतो."

ऐकण्यावरून आठवले. आता जी गोष्ट सांगणार आहे, ती वहीत लिहिताना माझा हात थोडा अडखळला होता.

मी नववीला भूगोलही शिकवते. एकदा डिसेंबरात मी फळ्यावर लिहिले, '२२ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस. या दिवशी सूर्य सर्वांत उशिरा उगवतो आणि सर्वांत लवकर मावळतो.' पहिले वाक्य बरोबर होते. दुसरे मी माझ्या मनाने जोडले होते. लहान दिवस म्हणजे उशिरा उजाडणे आणि लवकर मावळणे, यात विचार कसला करायचा?

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "टीचर, पण तक्वीममध्ये मगरिब आता पुढे गेली आहे. गेल्या महिन्याच्या शेवटी ती सगळ्यांत लवकर होती."

तास संपायला पाच मिनिटे उरली होती. धडा पुरा करायचा होता. मी म्हणाले, "परीक्षेत पुस्तकातलं लिहायचं असतं. बस खाली."

ती बसली. काही मुले हसली. मीही पुढे गेले.

त्यानंतर आठ-दहा दिवस तिने हात वर केला नाही. आधी ती प्रत्येक तासाला काहीतरी विचारत असे. मला ते जाणवत होते, पण मी स्वतःला सांगितले, थंडी आहे, मुले गारठलेली असतात. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात चहा ठेवताना माझी नजर भिंतीवरच्या तक्वीमकडे गेली. तुमच्याही घरी नमाजच्या वेळांचा असा तक्ता असेलच. मी वर्षानुवर्षे त्यात फक्त आजची ओळ पाहत आले होते. त्या दिवशी वरची पाने उलटून पाहिली.

ती मुलगी बरोबर होती. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जळगावला सूर्य सुमारे पाच पंचेचाळीसला मावळतो. २२ डिसेंबरला तो पाच बावन्नच्या आसपास मावळतो, म्हणजे सहा-सात मिनिटे उशिरा! मग दिवस लहान कसा होतो? कारण सकाळ त्याहून जास्त मागे सरकते. नोव्हेंबरच्या शेवटी पावणेसातला उगवणारा सूर्य २२ डिसेंबरला सातला उगवतो. आणि तो तिथेही थांबत नाही. सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला, सात वाजून सुमारे सात मिनिटांनी.

मी अब्बांना फोन लावला. त्यांना नवल वाटले ते माझे. "हे तुला माहीत नव्हतं? अगं, संध्याकाळी पाचची जळगाव-धुळे गाडी घेऊन मी किती हिवाळे काढले! नोव्हेंबरच्या शेवटी एरंडोल सुटलं की थोड्याच वेळात दिवे लावावे लागायचे. संक्रांतीच्या सुमारास तीच गाडी पारोळ्यापर्यंत बिनदिव्याची जायची. गाडी तीच, वेळ तीच." थोडे थांबून ते म्हणाले, "त्या मुलीला काय सांगितलंस?"

मी काही बोलले नाही. अब्बांनीही पुन्हा विचारले नाही.

रात्री मी पुस्तके काढून बसले. कारण असे आहे. आपले घड्याळ रोज सारखे चालते, सूर्य मात्र घड्याळाप्रमाणे चालत नाही. पृथ्वीचा मार्ग अगदी गोल नाही आणि तिचा अक्ष कललेला आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर, आणि तेव्हा ती सर्वांत वेगाने धावते. (जवळ असूनही थंडी का, असे विचाराल. आपला उत्तरेचा अर्धा गोल त्या वेळी सूर्यापासून कललेला असतो, म्हणून.) या दोन्ही कारणांमुळे डिसेंबरात खरी मध्यान्ह रोज जवळजवळ अर्ध्या मिनिटाने पुढे सरकते. तिच्याबरोबर सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही पुढे ओढल्या जातात. तक्वीममधला जवालचा रकाना पाहा. जळगावला नोव्हेंबरच्या शेवटी सव्वाबारा, २२ डिसेंबरला बारा सव्वीस, जानेवारीच्या मध्याला बारा सदतीसच्या आसपास. सगळे उत्तर भिंतीवरच टांगलेले होते.

आमच्या शेजारच्या काकू संक्रांतीला तिळगूळ देताना म्हणतात, "आता दिवस तिळातिळानं वाढणार." मी मनात म्हणत असे, दिवस तर २२ डिसेंबरपासूनच वाढतो. पण सकाळ लवकर व्हायला लागते ती खरोखर संक्रांतीनंतरच. पहाटे उठणाऱ्या बाईला ते पुस्तकाआधी कळणारच.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर तेच वाक्य पुन्हा लिहिले आणि त्याचा दुसरा भाग सगळ्यांच्या देखत खोडला. "हे माझं चुकलं होतं," मी म्हणाले आणि त्या मुलीला पुढे बोलावले. तिच्या आजोबांना डोळ्यांनी कमी दिसते. ते मोहल्ल्याच्या मशिदीत अजान देतात. तीच त्यांना रोज तक्वीम वाचून दाखवते. तिने तक्ता फळ्यावर उतरवला. एक आकडा चुकला. तो तिने स्वतःच पुसला आणि माझ्याकडे न बघता दुरुस्त केला. ती जागेवर जाऊन बसली तेव्हा कोणी हसले नाही. लगेच तिने हात वर केला. "टीचर, मग धुळ्याची मगरिब वेगळी का असते?"

या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. धुळे जळगावच्या पश्चिमेला आहे. दोन्ही शहरांच्या रेखांशांत एका अंशापेक्षा थोडे कमी अंतर आहे आणि एका अंशाला सूर्याला चार मिनिटे लागतात. म्हणून धुळ्याचा सूर्य आपल्यानंतर सुमारे तीन मिनिटांनी मावळतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी अब्बांना फोन करून सांगितले, की मुलीला काय सांगितले. ते "बरं केलंस" म्हणाले आणि लगेच भरताच्या वांग्यांचा भाव विचारू लागले. बोलता बोलता आमच्याकडे मगरिबची अजान झाली. मी म्हणाले, "अब्बा, फोन ठेवते. नमाजची वेळ झाली."

"तुझी झाली," अब्बा म्हणाले. "माझी तीन मिनिटं बाकी आहेत. या रविवारी येतेस का?"