जोडीने पोहरादेवीला

शेतकऱ्याच्या घरातले नवरा-बायको बरोबर बाहेर पडतात ते लग्नाला, दहाव्याला, नाहीतर दवाखान्यात. नुसत्या विसाव्यासाठी दोघांनी जाणे आपल्याकडे ऐकिवात नाही. यंदा सोयाबीन घरात आले, कपाशीची पहिली वेचणी आटोपली, तूर शेंगांवर आली, तेव्हा आम्ही ठरवले की दोन दिवस जायचेच. समुद्रकिनारा लांबचा आणि खर्चाचा, म्हणून वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी निवडली. म्हशीची धार धाकट्या भावजयीने पत्करली. एस. टी.त २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे भाड्याचाही फारसा भार पडला नाही.

पोहरादेवी मानोरा तालुक्यात आहे. वाशीमहून मंगरूळपीर, मानोरा असे जाता येते; दिग्रसकडूनही रस्ता आहे. या गावाला बंजारा समाजाची काशी म्हणतात. येथे जगदंबा देवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. महाराजांचा जन्म १७३९ चा मानतात. ते स्वतः गुरे राखणारे होते. रामनवमीला येथे मोठी यात्रा भरते आणि दूरदूरच्या तांड्यांवरून माणसे येतात.

बंजाऱ्यांची हकीकत शेतकऱ्याने जाणून घ्यावी अशी आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हे तांडे मुलुखभर हिंडत. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली आणि तो व्यापार बसला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याची झळ यांनाही लागली. पुढे कित्येक तांडे शेतीकडे वळले. याच समाजातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारीसाठी त्यांनी धरलेला आग्रह जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल.

समाजाचे धर्मगुरू संत रामराव महाराज २०२० साली वारले. त्यांचीही समाधी येथेच आहे. नंगारा या वाद्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाले. बैलांमागे चालत जगलेल्या समाजाची आठवण आता पक्क्या वास्तूत ठेवली गेली आहे.

दर्शन झाल्यावर आम्हाला कसलीच घाई नव्हती. सौ. ओट्यावर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "मायबाई, आज कोणी चहा मागून नाही राह्यलं!" शेजारी तांड्यावरची एक म्हातारी येऊन टेकली. तिची मुले ऊसतोडीला गेली होती, नातवंडे तिच्याकडेच होती. दोघी बराच वेळ पाण्यापावसाचे, लेकरांचे बोलत बसल्या. संध्याकाळी भाकरी-पिठले आयते पानात आले. लग्नाला एकवीस वर्षे झाली, पण बायकोला दुसऱ्याच्या हातचे गरम जेवण निवांतपणे खाताना मी तेव्हा प्रथम पाहिले.

विसावाच हवा असेल तर यात्रेच्या गर्दीत जाऊ नका, हिवाळ्यात जा. पांघरूण बरोबर ठेवा आणि परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून घ्या. शेताची कामे कधी सरत नाहीत. दोन दिवस मात्र काढता येतात, आणि घरच्या बाईचा त्यांवर पहिला हक्क आहे.