माळवदावरची माती

आमच्या घरी एक जुनी शाळेची वही आहे. तिच्यात २ ऑक्टोबर १९९५ पासून १८ नोव्हेंबरपर्यंतचा हिशेब आहे. पैशांचा थोडा आणि कामाचा जास्त. रोज रात्री कंदिलाजवळ बसून आम्ही दोघं त्या दिवशी काय झालं ते लिहीत असू. अलीकडे घर आवरताना ती पुन्हा हाती आली.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, तेव्हा गणपती बोळवून गाव नुकतंच झोपलं होतं. त्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. आमचं गाव त्या यादीत नव्हतं. आमच्या भिंतींना तडे गेले, मागची पडवी बसली, पण माणसं वाचली. सास्तूरला मात्र अम्मीची थोरली बहीण घरच्या माणसांसह गेली. आम्ही तिथं पोहोचलो तेव्हा घर म्हणून काही उरलंच नव्हतं, दगडमातीचा ढीग होता. अम्मी त्या ढिगाकडे पाहत बसली. त्यानंतर तिनं माळवदाखाली झोपणं सोडलं.

अम्मी म्हणजे आमच्यातल्या एकाची आई, एकीची सासू आणि दोघांचीही अम्मी. अंगणात पत्र्याचं शेड ठोकून तिनं दोन हिवाळे काढले. पत्रा दिवसा तापायचा आणि रात्री बर्फ व्हायचा. त्यात तिला दमा. डॉक्टरांनी सांगितलं, तिसरा हिवाळा पत्र्याखाली नको. शिवाय रमजान ऐन जानेवारीत येणार होता. सहेरीला त्या थंडीत ती उठणार कशी?

त्या वेळी सरकारकडून घरदुरुस्तीसाठी हप्त्यांनी मदत मिळत होती. गावातल्या बहुतेकांनी जुनं घर तसंच सोडून त्या पैशांत शेजारी सिमेंटची एक खोली बांधली. आम्हीही तोच विचार करत होतो. पण एक तरुण इंजिनिअर घर पाहायला आला आणि त्यानं माळवदावर पहार खुपसली. माती दोन फूट निघाली. त्यानं तिथंच कागदावर गणित मांडलं: तीनशे चौरस फुटांचं छत, म्हणजे आमच्या डोक्यावर सुमारे सत्तावीस टन माती होती. जवळजवळ तीन ट्रक!

ही माती कुणी एका दिवसात टाकली नव्हती. माळवद गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात, मिरगाच्या आधी, वर पांढऱ्या मातीचा एक थर द्यायचा. आजोबांनी दिला, अब्बांनी दिला, आम्हीही दिला. जुना थर काढायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. भिंतींचंही तसंच. बाहेरून आणि आतून दगड छान रचलेले, मधे नुसती माती आणि कपची. दोन पाळ्या एकमेकींना धरून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. जमीन हलली की दोन्ही पाळ्या सुटतात आणि दगड माणसांवर येतात. सास्तूरला काय झालं असेल ते त्या दिवशी आम्हाला कळलं.

वहीचं पहिलं पान: “२ ऑक्टो. गांधी जयंती, शाळेला सुट्टी. १४० टोपल्या उतरवल्या. हात सोलले.” आमच्यातल्या एकाची शाळेतली नोकरी आणि एकीचं शिवणयंत्र, दोन्ही सांभाळून काम करायचं होतं. एकानं वर टोपली भरायची, एकीनं शिडीवर उभं राहून खाली द्यायची, खाली दोन मजूर. सहा दिवसांत नऊशेच्या आसपास टोपल्या उतरल्या. वर आठ इंच माती ठेवली. उतरवलेली माती अम्मीच्या सांगण्यावरून कब्रस्तानात नेली. पावसानं खचलेल्या बऱ्याच कबरी होत्या, अब्बांचीही होती.

पुढं भिंती. दर तीन-चार फुटांवर दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि सिमेंट-खडीनं भरायचं. आमचे गवंडी वडार, आम्ही त्यांना मामा म्हणत असू. भोक पाडताना भिंत ढासळेल की काय, या भीतीनं पहिल्या दिवशी दोनच भोकं झाली. नंतर रोज पाच-सहा होऊ लागली. २४ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सूर्यग्रहण होतं. मामा ग्रहण सुटल्यावर अंघोळ करूनच कामावर आले. तोवर अम्मीनं शेडमध्ये नफिल नमाज पढून घेतली होती. त्या सकाळी सिमेंटवर पाणी मारायचं काम तेवढं आम्ही केलं. विहिरीवरून रोज तीस घागरी पाणी लागायचं.

मग कोपऱ्यांना तारेची जाळी आणि तिच्यावर गिलावा. खांब आणि तुळया जिथं मिळतात तिथं तिरपे लाकडी आधार. “१८ नोव्हें. सारवण झालं. काम संपलं.”

पण काम संपलं नव्हतं. अम्मी आत येईना. आम्ही सळ्या दाखवल्या, आधार दाखवले, मातीचं गणित समजावलं. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “तुम सोओ बेटा, मेरेकू अंगनमेंच रहने दो.” शेवटी आम्हीच आत झोपू लागलो, दार सताड उघडं ठेवून, तिला दिसेल असं. आम्हाला काही भीती नाही, असं दाखवत.

पाचव्या रात्री माळवदावर धप्पकन काहीतरी पडलं. डोळे उघडले तेव्हा आम्ही दोघंही अंगणात उभे होतो, एकाच्या हातात उशी. वरून मांजर उतरलं. अम्मी शेडच्या दारात बसून आमच्याकडे पाहत होती. कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली. “मेरेकू लगा, मैंच डरती,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं आपली बाज उंबरठ्याच्या आत घ्यायला सांगितली. रोज थोडी थोडी ती बाज आत सरकत गेली. रमजानचा चाँद दिसला तेव्हा ती मधल्या खणात होती.

आम्ही महिनाभर तिला घर किती मजबूत आहे हे सांगत होतो, आमची भीती मात्र तिच्यापासून लपवत होतो. ती एकटी घाबरलेली नाही एवढंच तिला कळायला हवं होतं.

अम्मी २००९ मध्ये गेली, त्याच घरात, त्याच बाजेवर. आता गावात माळवदं थोडीच उरली आहेत. आमचं आहे. दाराआड एक काठी ठेवलेली असते, तिच्यावर आठ इंचांची खूण आहे. मिरगाच्या आधी आम्ही वर जातो, काठीनं माती मोजतो. पावसानं वाहून गेली असेल तेवढीच परत टाकतो. आता शिडी चढताना दम लागतो, म्हणून एकजण खालून शिडी धरून उभा राहतो.