नाणं वाजवून घ्यावं

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. त्यामुळे दोन्ही भाषांत असलेले, पण अर्थ थोडा बदललेले शब्द मला सतत भेटतात. उर्दूत 'सिक्का' म्हणजे नाणं. मराठीत 'शिक्का' म्हणजे नुसता ठसा. गेल्या रमजानमध्ये या दोन अर्थांमधलं अंतर मी प्रत्यक्ष पाहिलं.

आमच्या मोहल्ल्यात शिवणकाम करणाऱ्या एक विधवा खाला आहेत. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी वर्षानुवर्षं चांदीची दहा-दहा ग्रॅमची नाणी जमवली होती. एकूण बासष्ट, म्हणजे 620 ग्रॅम. जकातीसाठी चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे 612 ग्रॅम. इतकी चांदी वर्षभर बाळगणाऱ्यावर अडीच टक्के जकात फर्ज होते आणि त्याला स्वतःला जकात घेता येत नाही. खाला दरवर्षी शिलाईच्या पैशांतून जकात देत होत्या. मुलीची कॉलेजची फी थकली, तेव्हा कुणीतरी मदत देऊ केली. "मी साहिबे-निसाब आहे, मला कशी चालेल?" म्हणत त्यांनी ती परत केली.

नाणी दोन बटव्यांत होती. एका बटव्यातली वीस गावातल्या सराफाची, पावतीसह. दुसऱ्यातली बेचाळीस दारावर येणाऱ्या एका विक्रेत्याकडून हप्त्याने घेतलेली, बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त. प्रत्येकावर '999' चा शिक्का. स्वस्त का, असं मी विचारलं. खाला म्हणाल्या, "बाजी, भला माणूस होता. तपासायचं कसं म्हणायचं? त्याला वाईट वाटलं असतं."

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मदत केली. आधी लोहचुंबक लावला. एकही नाणं चिकटलं नाही. खाला खूश झाल्या, पण सर म्हणाले, तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर हेही चिकटत नाहीत. चिकटलं तर नाणं खोटं समजावं, न चिकटल्यास तपास पुढे चालू ठेवावा. बर्फाची परीक्षाही अशीच. चांदीवर बर्फ झरझर वितळतो, पण तांब्यावरही जवळपास तितकाच.

मग पाण्याची परीक्षा. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य केला. एका बटव्यातली दहा नाणी दोऱ्यात बांधून, तळाला किंवा काचेला लागू न देता, पूर्ण बुडवली. नाण्यांनी जितकं पाणी बाजूला सारलं, तितकं वजन काटा दाखवतो. चांदीची घनता 10.49, म्हणून शंभर ग्रॅम शुद्ध चांदीला साधारण साडेनऊ ग्रॅम दिसायला हवेत. पावतीच्या नाण्यांना तेवढेच दिसले. दुसऱ्या बटव्यातल्या नाण्यांना साडेअकरा. सगळी नाणी दहा-दहा करून पुन्हा पाहिली, फरक तोच.

सराफाच्या यंत्राने नाव सांगितलं: जर्मन सिल्व्हर. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं. चांदी फक्त नावात.

खाला बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं दिलेल्या जकातीचं काय?" मौलानांनी समजावलं की ते दान वाया गेलेलं नाही, सदका म्हणून जमा आहे. आणि आता खरी चांदी दोनशे ग्रॅमच, हाताशी रोकड नावापुरती. म्हणजे खाला जकात घेण्यास पात्र आहेत. फी भरली गेली. पण देणारा हात घेणारा होताना खालांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मला विसरता येत नाही. बेचाळीस नाण्यांच्या पैशांइतकंच हेही त्या विक्रेत्याने हिरावलं होतं.

आपल्याकडे तपासणं म्हणजे संशय घेणं, असं मानतात. खरं तर मराठीत 'नाणं वाजवून घेणं' हा वाक्प्रचार रोजच्या बाजारातून आला आहे. चांदीच्या रुपयाचा आवाज लांबत जाणारा आणि स्वच्छ, हिणकसाचा बद्द. दुकानदार गिऱ्हाइकासमोर रुपया वाजवायचा आणि कुणाचा अपमान होत नसे. मापात पाप करणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. ज्या धर्मात वजनाला इतकं मोल आहे, तिथे वजन करून घेण्याची लाज कशाला?

म्हणून माझ्या बहिणींना सांगणं इतकंच. चांदी बाजारभावाखाली मिळत असेल तर आधी थांबा. सोन्याप्रमाणे चांदीलाही हॉलमार्क असतो, तो मागा. शुद्धता आणि वजन लिहिलेली पक्की पावती घ्या. राणीछाप जुना रुपया घेत असाल तर त्याचं वजन साधारण 11.66 ग्रॅम भरायला हवं. घासलेला असेल तर किंचित कमी. पाण्याची परीक्षा घरी करता येते, पण पातळ मुलामा आणि मिश्रधातू यांचा शेवटचा निवाडा जाणकाराकडूनच करून घ्या. मेहरमध्ये चांदी ठरली असेल तर निकाहच्या आधी तपासा. जो विक्रेता काटा पाहून रागावतो, त्याचं उत्तर तिथेच मिळालेलं असतं.